जमीन विकायची की खुर्ची बनवायची?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाईंचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. अजून एकटा बसत नाही, बोलत नाही, पण आईचा आवाज आला की हसतो. जवळपास फिजिओथेरपिस्ट कुणी नाही, मोठं हॉस्पिटल बसने पाच तासांवर, आणि तिथे तीन महिन्यांतून एकदा वीस मिनिटं मिळतात. नवरा कामासाठी लांब असतो. सासूबाई आणि दहा वर्षांची मोठी मुलगी मिळून मुलाला सांभाळतात, त्यात मुलीची शाळा बुडते. आता एका खासगी सेंटरने स्टेम सेल (नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी) देऊन "चालता करून देतो" असं सांगितलंय आणि घरचे म्हणतायत, जमिनीचा तुकडा विकून टाक. बाई विचारतात: "विकू का? नाही विकला आणि तो कधीच चालला नाही तर दोष माझाच ना? रोज दोन तास व्यायाम करून घ्यायला सांगितलाय, माझ्याच्याने अर्धा तासपण होत नाही. मी आई म्हणून कमी पडतेय का?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा लक्षात आलं की एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एकच वाक्य लिहिलंय, "कमी पडतेय". आणि कंबर दुखते हे तर सगळ्यात शेवटी ता.क. मध्ये, जाता जाता. त्या ता.क.वर मी नंतर येणारच आहे.

एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. अशा मुलांच्या आयांच्या गटांमध्ये बरीच वर्षं बसलेय, थेरपिस्ट लोकांच्या मागे लागून लागून शिकलेय, तेवढ्या हक्काने बोलतेय. औषधाचं, ऑपरेशनचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पहिलं जमिनीचं, कारण त्याची घाई चाललीये. विकू नका. या कारणासाठी तरी नकोच. सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे, ठरलेला उपचार म्हणून कुणी ठामपणे "देऊन टाका" म्हणावं अशी वेळ आलेली नाही. ज्या चांगल्या ट्रायल, म्हणजे उपचार तपासून बघायच्या चाचण्या, झाल्यात त्यातसुद्धा बोलणं थोड्याफार सुधारणेचं आहे, "चालता करून देतो" असली भाषा त्यात कुठे सापडत नाही. त्या सेंटरवाल्यांना सरळ विचारा: ही नोंदणी केलेली ट्रायल आहे का? असेल तर आमच्याकडून पैसे का घेताय? (खऱ्या ट्रायलमध्ये साधारणपणे घेत नाहीत.) सुधारणा झाली हे कशावरून मोजणार, कोण मोजणार, किती महिन्यांनी? आणि फरक पडला नाही अशा घरच्यांशी बोलायला मिळेल का? या शेवटच्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा बघा. आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ दाखवतील, तो बघून पाघळू नका, दोन वर्षांचं मूल तीन वर्षांचं झालं की ते तसंही पुढे गेलेलं असतं, ते श्रेय कुणी आपल्या इंजेक्शनला द्यायचं काही कारण नाही.

आता खरा अवघड भाग. तुमच्या अख्ख्या पत्रात "बरा होणे" याचा अर्थ "चालणे" असा धरलाय. घरच्यांनी धरलाय, सेंटरने धरलाय, तुम्हीपण धरलाय, आणि कोण नाही धरणार म्हणा. पण थेरपिस्ट लोकांकडे जी.एम.एफ.सी.एस. नावाची एक पद्धत असते, 1997 पासूनची, त्यात मुलाच्या हालचालींवरून पाच लेव्हल पाडतात, एक म्हणजे सगळ्यात कमी अडचण आणि पाच म्हणजे सगळ्यात जास्त. कॅनडात 657 मुलांच्या हालचाली वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजून 2002 मध्ये एक अभ्यास आला, त्यात दिसलं की बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं या मोठ्या हालचालींमधली बहुतेक प्रगती पाच वर्षांच्या आतच झालेली असते, आणि पाचव्या लेव्हलच्या मुलांची तर तीन वर्षांच्या आधीच. म्हणजे पाचनंतर काहीच शिकत नाही असं नाही हं! हात वापरणं, सांगणं, समजणं, खाणं, हे सगळं पुढे चालू राहतं. पण साडेपाच वर्षांचं मूल एकटं बसत नसेल तर ते पुढे स्वतःच्या पायांवर चालेल ही शक्यता कमी असते. तुमच्या मुलाची लेव्हल मी पत्रावरून सांगणार नाही, सांगूही नये. पुढच्या भेटीत तुम्हीच विचारा, "याची लेव्हल कोणती?" आणि उत्तर नीट समजावून द्यायला लावा. वीस मिनिटांतली पाच मिनिटं त्यात गेली तरी चालतील. हे ऐकून त्या दिवशी रडू येईल. पण खोट्या आशेपायी जमीन गेल्यावर येणारं रडू याहून वेगळं असतं, आणि ते मी पाहिलंय.

दोषाचं म्हणाल तर ऐका. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लगेच झालेली इजा. ती इजा पुढे वाढत नाही आणि व्यायामाने भरूनही येत नाही. ही अवस्था असलेल्या साधारण तीनपैकी दोन मुलं चालतात, एक चालत नाही, आणि कोण कशात जाईल हे मुख्यतः इजा केवढी आणि मेंदूच्या कुठल्या भागात झाली यावर ठरतं, आईने रोज किती तास घाम गाळला यावर नाही. शापबीप म्हणणारी माणसं जगात सगळीकडे भेटतात, त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका, ती तुम्हाला दुसरीकडे लागणार आहे.

कुठे? मला विचाराल तर पहिली जेवणात.

एका घरी पाहिलेलं सांगते. आजी नातवाला मांडीवर आडवा घेऊन भरवत होती. मान मागे कललेली, गळा ताणलेला, तोंड आ वासलेलं, आणि आजी वरून चमचा आणून वरच्या ओठाला पुसून घास आत सोडत होती. मूल ठसकायचं, अंग ताठ व्हायचं, अर्धा घास बाहेर. एका वाटीला सव्वा तास. आजी म्हणाली तो हट्टी आहे. आता तुम्ही स्वतः मान मागे टाकून पाण्याचा घोट गिळून बघा, मग कळेल हट्टी कोण. त्या दिवशी गटातल्या एका आईने त्याला कोपऱ्यात दोन भिंतींच्या मधे बसवलं, पाठीमागे गुंडाळलेलं ब्लँकेट, दोन्ही खांदे थोडे पुढे, कंबरेत आणि गुडघ्यांत वाकवून, हनुवटी किंचित खाली. आजीला त्याच्या समोर, त्याच्याच उंचीला बसवलं. चमचा खालून, समोरून, छोटा घास, जिभेवर हलकासा दाब, आणि मग थांबायचं. ओठ मिटेपर्यंत नुसतं थांबायचं, हेच सगळ्यात कठीण. वाटी अर्ध्या-पाऊण तासात संपली आणि आजी ती तिरकी करकरून बघत होती, खरंच संपली का म्हणून.

तेव्हा झोपवून भरवणं बंद, आजपासून. अगदी पातळ पाणी अशा मुलांना बऱ्याचदा सगळ्यात अवघड जातं, मऊ दाटसर सोपं जातं. खाता-पिताना रोज ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घरघरा ओला येत असेल, सारखा छातीत कफ होऊन ताप येत असेल, तर घास चुकीच्या वाटेने फुफ्फुसात जातोय का हे डॉक्टरांनी बघायलाच हवं. आणि वजन, दर महिन्याला करा, जिथे जमेल तिथे, आधी तुम्ही त्याला घेऊन उभं राहायचं मग एकटीचं, आणि वजाबाकी. या मुलांमध्ये कुपोषण फार असतं आणि लोक म्हणतात "आजारामुळे बारीक आहे", तर अर्ध्या वेळा नुसतं पोटात पुरेसं जात नसतं.

दुसरी गोष्ट खुर्ची. हो, खुर्ची. तुमचा मुलगा दिवसभर कुणाच्या तरी मांडीवर नाहीतर अंथरुणावर असतो, असं तुम्हीच लिहिलंय. आडवं पडून जग म्हणजे काय दिसणार, तर छत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2022 च्या अहवालात आहे की काही गरीब देशांत ज्यांना अशी साधनं लागतात त्यांच्यापैकी शंभरात तिघांनाच ती मिळतात, म्हणजे वाट बघत बसलात तर तो तेरा वर्षांचा होईल. झिम्बाब्वेमध्ये एक पद्धत निघाली, जुने पुठ्ठे आणि रद्दी कागद पिठाच्या खळीने थरावर थर चिकटवायचे, कडक वाळवायचे, वरून रंग द्यायचा, आणि त्याच्या खुर्च्या, उभं राहायचे स्टँड बनवायचे. ऐकून हसू येतं पण नीट वाळलेले थर लाकडासारखे होतात, मूलच काय मोठा माणूस बसला तरी मोडत नाही. ओल मात्र चालत नाही, पाण्यापासून जपायची. नाहीतर ओळखीचा सुतार असेल तर लाकडाची.

मापं लिहून घ्या. पाठ टेकून बसवल्यावर बैठक गुडघ्याच्या मागे दोन बोटं आधी संपली पाहिजे, नाहीतर मूल पुढे घसरतं. मांड्या आडव्या, गुडघे काटकोनात, पाऊल पूर्ण टेकलेलं, लोंबकळत नको, त्यामुळे पायाखाली पाट हवाच. समोर कोपराच्या उंचीला फळी, त्यावर हात टेकले की मान आपोआप सावरायला मदत होते. पट्टा रुंद, मऊ, मांडी आणि कंबर मिळते तिथून तिरका खाली, पोटावर नाही आणि छातीवर दोरी तर मुळीच नाही. सुरुवातीला दहा मिनिटं, मग वाढवत न्यायचं, उठवल्यावर कातडीवर लाल वळ राहतो का बघायचा. शक्य असेल तर पुढच्या भेटीत मोबाइलवर फोटो काढून थेरपिस्टला दाखवा, समोरून एक, बाजूने एक. आणि कुणी देणगी म्हणून मोठ्या माणसाची व्हीलचेअर आणून फोटो काढायला उभं राहिलं तर गोड बोलून सांगा की मापाची आणा. ढिल्या खुर्चीत मूल एका बाजूला कलून बसतं आणि हळूहळू पाठीचा कणा तसाच वाकडा व्हायला लागू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 सालीच लिहून ठेवलंय की व्हीलचेअर माणसाच्या मापाची करून, शिकवून द्यायची, पण वाटप करणारे ते वाचत नाहीत बहुतेक.

आता ते दोन तास. कुणी सांगितले, का सांगितले माहीत नाही, पण स्वयंपाक, पाणी, धुणं, म्हातारं माणूस, दोन मुलं आणि नवरा परगावी, यात दोन तासांचा व्यायाम सांगणाऱ्याने स्वतः एक आठवडा करून दाखवावा. ऑस्ट्रेलियात 2009 मध्ये घरच्या घरी करायच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला होता. त्यात घरच्यांनी थेरपिस्टबरोबर बसून मुलाला काय जमायला हवंय ते आधी ठरवलं आणि मग तेवढंच केलं, महिन्यात साधारण सतरा वेळा, एका वेळी जेमतेम सतरा मिनिटं. आठ आठवड्यांत मोजता येण्यासारखा फरक पडला. म्हणजे रोज अर्धा तास झालाच पाहिजे असं नाही, कळलं का? फरक एवढाच की त्या सतरा मिनिटांत एकच ठरलेली गोष्ट होती. नुसतं हातपाय ओढून ताणत बसण्याचा फारसा उपयोग दिसत नाही, आणि मूल रडेपर्यंत ताणणं तर बंदच करा. त्यापेक्षा त्याने काय करावं असं तुम्हाला वाटतं ते एक ठरवा. घासासाठी स्वतः तोंड उघडणं, कपडे घालताना हात बाहीत ढकलणं, फळीवरची वाटी धरून ठेवणं, कुठलंही एक. आणि ते जेव्हा खरोखर करायची वेळ येते तेव्हाच करा. रोज कपडे घालावेच लागतात ना, तोच व्यायाम, फक्त बाही त्याच्या हातासमोर धरून दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. वेगळा वेळ काढायचा नाही, तो तुमच्याकडे नाहीचे.

थांबण्यावरून आठवलं, तो बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण तुमचा आवाज आला की हसतो. म्हणजे बोलतोय की! दोन वस्तू समोर धरा, एक हवीशी वाटणारी आणि एक कंटाळवाणी, आणि डोळे कुठे जातात बघा. जिकडे जातील ती द्या. दर वेळी. हळूहळू त्याला कळेल की बघितलं की मिळतं. मग हो आणि नाही यांची काहीतरी खूण ठरवा, डोळे मिटणं, जीभ, जे त्याला सोपं जाईल ते, आणि ती घरातल्या सगळ्यांना सांगा. ती खूण घेऊनच त्याला शाळेत न्या, सुरुवातीला दिवसातून तासभर, स्वतःच्या खुर्चीसकट. शिक्षक नाही म्हणतील कदाचित. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात इतर मुलांबरोबर शिकण्याचा हक्क लिहिलाय आणि जवळपास सगळ्या देशांनी तो मान्य केलाय, पण करार दाखवून शिक्षक बधत नाहीत असा माझा अनुभव आहे, मूल फळीवर हात ठेवून बसलेलं पाहिलं की बधतात.

त्या पाच तासांच्या प्रवासाला काय विचारायला जायचं ते आता सांगते, कारण व्यायाम घरी होतो पण काही गोष्टी घरी होऊच शकत नाहीत. खुब्याचा एक्स-रे. अशा साधारण तीनपैकी एका मुलात मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीतून हळूहळू सरकतं, न चालणाऱ्या मुलांत जास्त, आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून कुणाला कळत नाही. मग एक दिवस लंगोट बदलताना मूल किंचाळतं. कधी काढला होता, पुन्हा कधी काढायचा, विचारा. फिट येत असतील तर गोळ्या संपायच्या आत पुढच्या घ्या, या गोळ्या अचानक बंद करायच्या नसतात. कान आणि डोळे तपासून घ्या, कित्येकदा "याला कळत नाही" म्हणतात आणि मुलाला ऐकूच येत नसतं. घरी जेवतानाचा, झोपलेला, रडतानाचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा, हॉस्पिटलात मूल वेगळंच वागतं. या कामाला जमीन विकावी लागत नाही.

आता ता.क. तुमची कंबर. मूल आता जड व्हायला लागलंय आणि अजून होणार. त्याला सरळ ताठ उचलू नका, आधी कुशीवर वळवा, गुडघे पोटाशी घ्या, गोळा करा, मग तुमचे गुडघे वाकवून, अंगाशी धरून उचला. असं गोळा केलं की त्याचं अंगही ताठ होत नाही. अंथरुण जमिनीवरून उचलून बाकाएवढ्या उंचीवर आणा, कडेला आडोसा करून, रोजचं दहा वेळा वाकणं वाचेल. आणि तुमचं दुखणं तुम्हीपण त्याच डॉक्टरांना दाखवा, "मी कुठे पेशंट आहे" असं म्हणू नका.

सासूबाईंना आजच भरवायला शिकवा. चुकतील, सांडतील. तुम्ही तिथे उभं राहून दुरुस्त करत बसलात तर पुन्हा ते काम तुमच्याच गळ्यात. नवऱ्याला फोनवर "तो कसा आहे" एवढंच विचारायची सवय लागलेली असणार, त्याला पुढच्या सुट्टीत खुर्चीचं काम द्या, मापं पाठवून. बापांना रडणाऱ्या मुलाजवळ काय करावं कळत नाही, हातात काम दिलं की माणूस जवळ येतो.

आणखी एक विचारते, तुमच्या आसपास अजून किती अशी मुलं आहेत? एकही नाही असं तुम्हाला वाटत असेल, मलाही सगळीकडे आधी असंच सांगतात. युनिसेफच्या 2021 च्या अंदाजाप्रमाणे जगात साधारण 24 कोटी मुलं अपंगत्वासह जगतायत, दहातलं एक, तेव्हा असणारच, घरात असतील, आतल्या खोलीत. लसीकरणाला येणाऱ्या आरोग्य सेविकेला विचारा, तिला सगळी घरं माहीत असतात. चार आया महिन्यातून एकदा जमलात तरी पुरे. बांगलादेशात, घानात असे पालकांचे गट झाले, चित्रं बघून एकमेकींना शिकवायचे, आणि घानात पाहिलं तर आयांचं स्वतःचं जगणं हलकं झालं, एकटेपणा, दोष देणं कमी झालं. जागतिक आरोग्य संघटनेचाही पालकांसाठी एक कार्यक्रम आहे, नऊ गट-सेशन आणि तीन घरभेटी, आणि त्यात आईवडिलांच्या स्वतःच्या तब्येतीवरही बोलतात. आरोग्य सेविकेला सांगा की असलं काही आपल्या भागात आणता येईल का विचारून बघ. नाही आलं तरी तुम्ही चौघी आहातच, एकीला उचलणं जमतं, एकीला भरवणं, एकीला शिक्षकांशी भांडणं.

आणि मोठी मुलगी. तिच्याबद्दल तुम्ही "ती समजूतदार आहे, काही म्हणत नाही" असं लिहिलंय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्या वाक्याची वाटते. ती बहीण आहे, राखण करणारी बाई नाही. जमीन विकून जो पैसा सेंटरला देणार होतात त्याच्या कितीतरी कमी पैशांत शेजारची एखादी बाई सकाळचे तीन-चार तास थांबायला मिळू शकेल, नाहीतर गटातली एक आई एक दिवस आणि तुम्ही तिच्याकडे एक दिवस. एक वही करा आणि महिनाभर ती किती दिवस शाळेत गेली ते लिहा, फक्त तेवढंच. घरच्यांशी पुन्हा जमिनीचं बोलणं निघालं की ती वही समोर ठेवा. आणि संध्याकाळी तिला भावाचं करायला सांगण्याऐवजी त्याला खुर्चीत बसवून तिच्या अभ्यासाशेजारी ठेवा, ती मोठ्याने वाचेल, तो ऐकेल, तेवढ्यात तुम्ही अर्धा तास पाठ टेका.

खुर्ची झाली की बाजूने काढलेला एक फोटो मला पाठवा. पट्टा पोटावर आलाय का ते बघून सांगते.